कुटकीचा गौरव आणि कोरकूंची उपासमार

मेळघाटातील कोरकू लोकांविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात एक मत इतके रूढ होऊन बसले आहे की, ते बोलून दाखविणारास कोणी पुरावा विचारीत नाही. ते मत असे : ह्या लोकांस काय खावे आणि पोरांस काय खाऊ घालावे हेच मुळी कळत नाही, ह्या अज्ञानामुळे त्यांची मुले खुरटतात आणि दगावतात, सबब त्यांस आहारशास्त्राचे धडे द्यावेत, म्हणजे प्रश्न सुटेल. १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंचा बोभाटा होऊन प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हापासून आजतागायत हेच मत सभांच्या व्यासपीठांवरून, वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून आणि अकोला-अमरावतीच्या दिवाणखान्यांतून आम्ही ऐकत आलो आहो. हे मत चुकीचे आहे. शिवाय ते चुकणारांच्या फार सोयीचे आहे. ज्यांचे अन्न हिरावले गेले त्यांनाच अज्ञानी ठरविले, म्हणजे हिरावणारांस जाब विचारण्याचे कारण उरत नाही. ह्या सोयीच्या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चिकित्सेस निमित्तही तसेच घडले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने, आपल्याच देशाच्या सूचनेवरून, २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ह्या धान्यांस ‘श्रीअन्न’ हे गौरवाचे नाव मिळाले. तेव्हापासून कुटकी, कोदो, सावा, राळा ही नावे, जी आमच्या घरांतील तरुण मंडळींनी पूर्वी क्वचितच ऐकली असतील, ती एकाएकी प्रतिष्ठित झाली. मधुमेहावर कुटकी, स्थूलतेवर कोदो, अशी पथ्ये वैद्य-डॉक्टर सांगू लागले. सुबक पिशव्यांतून ही धान्ये दुकानांत येऊन बसली, आणि गव्हातांदळाच्या कितीतरी पट दाम देऊन आम्ही ती घरी आणू लागलो. ह्यात वाईट काहीच नाही. परंतु जे धान्य आम्ही औषध म्हणून आणतो तेच पिढ्यान्‌पिढ्या रोजचे अन्न म्हणून पिकविणाऱ्या लोकांस मात्र ‘आहाराचे ज्ञान नाही’ असे आम्ही एकाच श्वासात म्हणतो, ह्या विसंगतीचा अर्थ काय? धान्य शहाणे आणि ते शोधून, निवडून, जपून ठेवणारा अडाणी, असे कोणते तर्कशास्त्र आम्हांस पदवी घेताना शिकविले गेले?

ज्यांच्याविषयी हे बोलावयाचे ते लोक आमच्यापासून दूर नाहीत. अकोल्याच्या जुन्या शहरातून उत्तरेस अकोटच्या वाटेने निघावे, गांधीग्रामपाशी पूर्णा ओलांडावी, काळ्या मातीचा कापसाचा मुलूख मागे टाकावा, की समोर सातपुड्याची निळी भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या माथ्यावर व पलीकडे मेळघाट आहे. तेथील धारणी व चिखलदरा ह्या दोन तालुक्यांत कोरकूंची मुख्य वस्ती. ‘कोरकू’ ह्या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘माणसे’ एवढाच. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातील नव्हे. ती मुंडा कुळातील असून त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची आहे. म्हणजे संथाळ व मुंडा ह्यांचे हे भाऊबंद कोणत्या प्राचीन काळी आमच्या शेजारी येऊन राहिले, अथवा आम्हीच त्यांच्या शेजारी येऊन राहिलो, हा प्रश्न पंडितांनी सोडवावा. आमचे काम त्यांच्या ताटाशी आहे.

ते ताट मांडणारा मुख्य यजमान म्हणजे रान. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. त्याची रसाळ फुले रात्री गळतात आणि पहाटे बायकापोरे टोपल्या घेऊन ती वेचावयास जातात. वाळविलेले फूल पुढे कित्येक महिने टिकते. ते उकडून, भाजून, पिठात कालवून खातात, आणि मागून येणाऱ्या बियांचे तेल काढतात. आमच्यापैकी पुष्कळांस मोह म्हटला की दारूच आठवते. द्राक्षे पाहून ज्यांस केवळ मद्य आठवेल त्यांच्या रसिकतेविषयी आम्ही जे म्हणू तेच येथेही म्हणावयास हवे. उन्हाळ्यातच चारोळी व टेंभुर्णे पिकतात. मृगाच्या सरी पडल्या की तरोट्याची कोवळी पाने निघतात. बांबूचे कोंब, ज्यांस आपल्याकडे वास्ते म्हणतात, ते पावसाळ्यात मिळतात. श्रावणात काटवले व आळंबी येतात. सिपना, गाडगा, खापरा, खंडू, डोलार ह्या तापीकडे धावणाऱ्या नद्यांत व त्यांच्या नाल्यांत मासे व खेकडे सापडतात. पाऊस ओसरला की सीताफळ, मग आवळा आणि बोर. जमिनीच्या पोटात कंद असतात. त्यांतील काही इतके कडू की तसेच खाल्ले तर अपाय व्हावा. परंतु त्यांच्या चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा दोष घालविण्याची कृती मध्य हिंदुस्थानातील रानवासी बायकांस परंपरेने ठाऊक आहे. हे ज्ञान पुस्तकात नाही म्हणून ते ज्ञान नव्हे असे म्हणणारास आम्ही एवढेच विचारतो की, त्याच्या पदवीच्या आधारावर त्याला रानातले एक पान तरी निर्धास्तपणे तोंडात घालता येईल काय?

ह्या रानमेव्याला जोड शेताची. ज्वारी व मका ही भाकरीची धान्ये. कोदो, सावा आणि विशेषतः कुटकी ही भाताची. कुटकीचे गुण नीट पाहण्यासारखे आहेत. ती मुरमाड, उथळ, उताराच्या जमिनीत येते. तिला खताचे वा औषधाचे लाड लागत नाहीत. नीट वाळविली तर ती वर्षानुवर्षे टिकते व कीड तिला सहसा शिवत नाही. सर्वांत मोठा गुण हा की ती लवकर पिकते. पावसाळ्याचे महिने हे डोंगरातील उपासमारीचे महिने. कणगी रिकामी झालेली असते, वाटा बंद असतात, मजुरी नसते, रोगराई असते. आणि मेळघाटातील बालमृत्यूही ह्याच दिवसांत अधिक होतात. अशा वेळी इतर पिके हिरवी उभी असताना भाद्रपद-आश्विनात कुटकीचा दाणा घरात येतो आणि चूल पेटते. म्हणजे कुटकी हा भुकेच्या ओढ्यावर वाडवडिलांनी बांधलेला साकव होता. ज्यांनी तो बांधला त्यांस आहाराची दृष्टी नव्हती असे म्हणण्यास बरेच धाडस पाहिजे.

ही दृष्टी आमच्या परंपरेसही परकी नाही. आम्हांस तिचा विसर पडला आहे, इतकेच. भाद्रपदात ऋषिपंचमीच्या दिवशी आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. आपोआप उगवलेल्या पालेभाज्या व कंद ह्यांची ऋषीची भाजी करतात. नांगराविना पिकणाऱ्या धान्यास संस्कृतात ‘अकृष्टपच्य’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तपस्व्यांचे अन्न म्हणून त्याची योग्यता मोठी मानिली आहे. कालिदासाच्या शकुंतलेने आश्रमातील हरिणाचे पाडस वाढविले ते श्यामाकाच्या, म्हणजे आपल्या सावा जातीच्या धान्याच्या मुठींनी. आणि श्रावणातल्या सोमवारी, जेव्हा गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडींतून जुन्या शहरातील राजराजेश्वरास येते, तेव्हा आमच्या घराघरांत उपवासाला शिजते ती भगर तरी काय आहे? कुटकी-साव्याच्या कुळातलेच ते धान्य. जे अन्न आम्ही वर्षातून काही दिवस पावित्र्यासाठी खातो, ते कोणी वर्षभर पोटासाठी खाल्ले की ते मागासलेले ठरते. हा न्याय आमच्या देव्हाऱ्यातल्या देवालाही पटणार नाही.

आता मुख्य प्रश्न. असे समृद्ध ताट असता मेळघाटात मुले कुपोषणाने का मेली? ताट वाईट होते म्हणून नव्हे. ते ज्या रानावर मांडलेले होते ते रान काढून घेतले म्हणून. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी हिंदुस्थानात सरकारी राखीव जंगलाची कल्पना रुजविली, आणि मेळघाटचे सागवान तिच्या कक्षेत लवकरच आले. आगगाडीला रुळांखालच्या लाकडांची भूक होती, ती कोरकूंच्या भुकेपेक्षा अधिक महत्त्वाची ठरली. डोंगरउतारावर झाडोरा तोडून-जाळून राखेत बी फेकण्याची जी दाह्याची शेती, तिच्यातून कोदो-कुटकी पिकत असे. कॅप्टन फोर्साइथ ह्याने सातपुड्यावरील आपल्या १८७१ च्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. साहेबास त्या शेतीत वृक्षांचा नाश दिसला आणि ती बंद पाडण्यात आली. सागवानाची सरकारी तोड मात्र शास्त्रशुद्ध ठरली. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहाच्या फुलांवरच कायद्याने बंधने आली. अबकारीच्या उत्पन्नापुढे गरिबाचे अन्न हे ‘दारूचे साहित्य’ ठरले.

ह्यात एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळसंहिता तयार झाल्या, त्यांत दुष्काळ पडल्यास राखीव जंगले रानातले खाद्य वेचण्यासाठी लोकांस खुली करण्याची तरतूद होती. म्हणजे रान हे अन्नाचे कोठार आहे हे सरकारला पूर्णपणे ठाऊक होते! कोठाराला कुलूप घालावयाचे, आणि माणसे मरू लागली म्हणजे किल्ली काढावयाची, असे ते धोरण होते. स्वराज्यात हे कुलूप निघावयास हवे होते. पण त्यावर दुसरे चढले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७४ साली मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य ह्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि जेथे आजी कंद खणीत होती तेथे कंद खणणारी नात गुन्हेगार ठरली.

ह्या शतकाच्या आरंभापासून गावेच उठविण्यात आली. बोरी, कोहा, कुंड ही गावे प्रथम, आणि नंतर केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड, अमोना आदी गावे रानातून काढून आमच्याच अकोला जिल्ह्याच्या सखल भागात आणून वसविली. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपयांचा मोबदला ठरला होता. तो देणारांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. पण पैसा एकदा खर्चला की पुढच्या चैत्रात पुन्हा फुलत नाही, मोह फुलतो. आश्वासने पुरी झाली नाहीत अशी तक्रार करीत ह्यांतील काही लोक २०१७ साली आणि पुन्हा २०१९ च्या जानेवारीत आपल्या जुन्या गावठाणांकडे परत चालू लागले. दुसऱ्या खेपेस चकमक झाली आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. मैदानातली जमीन व सरकारी घर सोडून माणसे वाघाच्या रानात परत का जातात, ह्याचा विचार त्या वेळी आमच्या शहरात फारसा कोणी केला नाही.

जी गावे डोंगरातच राहिली त्यांच्या शेतांतही पालट झाला. बाजाराच्या ओढीने सोयाबीन आला. सोयाबीन विकावयाचा असतो, शिजवावयाचा नसतो. त्याचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, आणि ते येण्यापूर्वीच सावकाराचे व दुकानदाराचे देणे उभे असते. कुटकीचा साकव मोडला आणि त्या जागी उधारीची होडी आली. घरात धान्य नाही, म्हणून होळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी मैदानात उतरतात. म्हणजे ज्या दिवसांत रान मोह आणि चारोळी देते त्याच दिवसांत कोरकू कोठे तरी वीटभट्टीवर असतो.

ह्या जागी सरकारने दिले काय? रेशनच्या दुकानातून मुख्यत्वे गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची सोय केली होती. पण कायद्यातले धान्य आणि पोत्यातले धान्य ह्यांची गाठ मेळघाटात क्वचितच पडली. अंगणवाड्यांच्या अन्नपुरवठ्यात कंत्राटदार नसावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. तरी बंद पाकिटांतील पिठांचा मोह राज्यकर्त्यांस सुटला नाही. २०१५ साली गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली, ती ह्या सर्वांत शहाणपणाची, कारण तिने निदान चूल गावातच ठेविली. परंतु त्या चुलीवर कुटकी चढावी असे कोणास सुचले नाही. रानभाजी, मासा, कडधान्य आणि कुटकी ह्यांच्या जागी पांढरा भात आला, आणि मग पांढरा भात खाणाऱ्या पोराकडे बोट दाखवून आम्ही म्हणालो की, ह्यांस सकस अन्न म्हणजे काय ते कळत नाही!

ह्यावर जे आक्षेप येतात ते आम्ही टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. आजारी अर्भकाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची क्रूर रीत मेळघाटात आहे; मुलींची लग्ने कोवळ्या वयात होतात; दारूचे व्यसन आहे. हे सर्व खरे आहे व ते गेलेच पाहिजे. बैरागडसारख्या दुर्गम गावी जाऊन राहिलेल्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे ह्यांच्यासारख्यांनी, ज्यांस २०१९ साली पद्मश्री मिळाली, दवाखाना आणि शेती ह्या दोहोंस हात घातला तो ह्यासाठीच. पण डाग देणे ही वैद्यकातील चूक आहे. तिच्यावरून स्वयंपाकातील अज्ञान सिद्ध होत नाही. आमच्या घरांतही दृष्ट काढतात. म्हणून आमच्या वरणभातास कोणी अडाणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही धान्ये कोरकूंनी स्वतःच सोडली, त्यास आम्ही काय करावे? सोडली हे अंशतः खरे. पण का? कुटकीच्या दाण्यावरचे फोल काढण्यास बाईला उखळात पुनःपुन्हा कांडावे लागते. रेशनचा तांदूळ थेट आधणात पडतो. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईने तांदूळ निवडला तर तो तिचा दोष नव्हे. ज्या देशाने कापसाची सरकी काढण्यास अकोल्यात गल्लोगल्ली गिरण्या उभ्या राहिलेल्या पाहिल्या, त्या देशाने कुटकीचे फोल काढणारे साधे यंत्र गावोगाव का पोचविले नाही, हा खरा प्रश्न आहे. दामाचीही तीच कथा. ज्या २०२३ साली भरडधान्यांचा जयघोष झाला त्याच साली खरिपाच्या १४ पिकांचे आधारभाव केंद्राने जाहीर केले. त्या यादीत ज्वारी, बाजरी व नाचणी होती, कुटकी आणि कोदो ही नावे नव्हती. गौरवाच्या भाषणात स्थान आणि भावाच्या यादीत नाही, ह्याला आदर म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो रानाच्या व वाघाच्या बाजूने येतो. लोकांस रानात मोकळीक दिली तर रान उरेल काय? मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात व त्यातून वणवे लागतात, हे उदाहरण देण्यात येते. धोका खरा आहे. परंतु त्याचा उपाय वेचणारांस हाकलणे हा नव्हे, रानाची मालकी आणि राखणीची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क आणि रान राखण्याचा अधिकार ह्या दोन्ही गोष्टी एकत्रच दिल्या आहेत. ह्याचा अनुभव दूर शोधावयास नको. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे कोरकूंचे लहानसे गाव आहे. त्याला २०१२ साली उजाड टेकड्यांचा सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी त्या राखल्या, झाडे लाविली, आणि त्यांवरची सीताफळे मुंबईच्या बाजारापर्यंत पोचविली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली असा हक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः केला. ज्या हातांवर आम्ही कुऱ्हाडीचा आरोप ठेवितो त्याच हातांनी ही राने वाढविली आहेत.

हा प्रश्न केवळ आमचाच नाही हेही ध्यानात घेतले पाहिजे. युरोपच्या उत्तर टोकास, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प ह्यांत पसरलेले सामी नावाचे लोक आहेत. रेनडियर नावाच्या हरिणांचे कळप, नद्यांतले मासे, दलदलीतली बोरांसारखी फळे, रानातल्या औषधी भाज्या ह्यांवर त्यांचे अन्न उभे आहे. पाइन वृक्षाची आतली साल खरवडून, वाळवून, भाजून ते खात. आणि ती अशा बेताने काढीत की झाड जगावे. शतकांपूर्वी साल काढलेली झाडे त्या व्रणांसह तेथे आजही उभी आहेत. सामींनाही दक्षिणेकडच्या शहाण्यांनी मागासलेले म्हटले, त्यांच्या चराईवर हद्दी घातल्या, आणि मग त्यांच्याच रेनडियरचे मांस शहरांतील उंची भोजनगृहांत मोठ्या कौतुकाने वाढले. त्यांचे अन्न निसर्गाशी किती जखडलेले आहे हे १९८६ साली दिसले. चेर्नोबिलच्या अणुकेंद्राचा स्फोट झाला, त्याचे विष वाऱ्यापावसाने उत्तरेत उतरले व दगडफुलात साठले. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच वर्गातली ही वनस्पती, आणि हिवाळ्यात रेनडियर तिच्यावरच जगतो. परिणामी स्वीडनमध्ये हजारो जनावरांचे मांस फेकून द्यावे लागले. कळप होते, कसब होते, पाककृती होत्या. जमीन बिघडली आणि ताट रिकामे झाले. हे ओळखून सामी लोक पाककृतींच्या कौतुकावर थांबले नाहीत. ते न्यायालयात गेले. २०२० साली स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास ह्या सामी संघाचा आपल्या प्रदेशातील शिकार व मासेमारी ह्यांच्या कारभाराचा हक्क मान्य केला. २०२१ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथील पवनचक्क्यांनी सामींच्या चराईच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. अन्नाचे रक्षण म्हणजे अन्नाच्या भूमीवरील हक्काचे रक्षण, हा त्यांनी जगास घालून दिलेला धडा आहे.

आमच्याकडे मात्र उलटा प्रकार चालला आहे. आम्ही दाणा उचलला आणि त्याचे मूळ तसेच तुटू दिले. रानभाज्यांचे महोत्सव भरतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. हे सर्व चालू द्यावे. पण ज्या बाईने ती भाजी ओळखली तिला ती भाजी आणावयास रानात जाता येते काय, एवढा प्रश्न प्रत्येक महोत्सवाच्या दारावर लिहिलेला असावा. हा विसर परक्यांपुरताच आहे असेही नाही. वऱ्हाडच्या काळ्या मातीतून ज्वारी कापसाने आणि मग सोयाबीनने हटविली, आणि कण्या, कळण्याची भाकर, धापोडे ही आमच्या आजीची रोजची भाषा आता हौसेच्या पदार्थांत जमा झाली आहे. आम्हांस निदान गहू विकत घेण्याची ऐपत होती म्हणून आम्ही तगलो. कोरकूंस ती नव्हती. दोघांचे दुखणे एकच आहे; फरक खिशाचा आहे.

तेव्हा करावयाचे ते असे. मेळघाटच्या रेशन दुकानांतून आणि अंगणवाड्यांतून कुटकी, कोदो व ज्वारी दिली जावीत, आणि ती तेथल्याच शेतकऱ्यांकडून आधारभावाने घेतली जावीत. हे अशक्य नाही. ओडिशाने २०१७ पासून आपल्या आदिवासी जिल्ह्यांत नाचणीच्या बाबतीत हे करून दाखविले, आणि छत्तीसगडने २०२१ साली कोदो-कुटकीची आधारभावाने खरेदी सुरू केली. फोल काढण्याची यंत्रे गावोगाव बचतगटांच्या हाती असावीत. वनहक्काचे सामूहिक दावे कचेऱ्यांच्या कपाटांतून बाहेर निघावेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस जो अधिकार दिला आहे, तो मोह, चारोळी आणि टेंभुर्णी ह्यांच्या बाबतीत अक्षरशः पाळला जावा. रान जेथे वाघासाठी राखावयाचेच असेल तेथे राखणीचे काम प्रथम त्या रानाच्या लेकरांस मिळावे. आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने, जे १९६९ पासून आमच्या शहराचे भूषण आहे, मेळघाटच्या बायकांस शिकवावयास जाण्यापूर्वी त्यांच्याकडे काही काळ शिकावयास बसावे.

राहिला प्रश्न आमच्या वाचकवर्गाचा. त्याने कुटकी खाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अवश्य खावी, आणि दाम पुरा देऊन खावी. एवढेच करावे की, पुढच्या खेपेस कोणी भल्या गृहस्थाने ‘त्या लोकांस खायचे कळत नाही’ असे म्हटले, तर त्याला त्याच्याच ताटातील भगरीचे कूळ विचारावे. उत्तर आले नाही, तर कोणास काय कळत नाही ह्याचा निकाल तेथल्या तेथे लागेल.